ठेच्याविना सौदा

कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा मी अमरावतीच्या बाजारात दलाली करत होतो आणि जेवलो की घशाशी आंबट यायचं. आडवं होता येईना, म्हणून ओट्यावर येरझारा घालायचो. वैद्याच्या पुड्यांनी गुण येईना, तेव्हा बायकोनं तिखट-तेल बंद करून नुसती ज्वारीची भाकर आणि दूध सुरू केलं. जळजळ थांबली.

पण आमच्याकडे शेतकऱ्याच्या घरची भाकर-ठेचा खाल्ल्याशिवाय सौदा पक्का होत नाही. अकोल्याजवळच्या एका शेतकऱ्याकडे ताटावर बसलो तेव्हा मी त्याला म्हणालो, "मले तिखट सोसत नाही, पोट जळते."

तो भडकला. "तुमाले माह्या घरचा ठेचा चालत नाही, मंग माहा कापूस कसा चालते?" गाडी भरायची थांबली. दुसरा दलाल दारात घुटमळतच होता.

मी वैतागून ओरडलो, "नवस हाय बाप्पा, नवस! तिखट सोडलं!"

"तुमी आंधी काहून नाही सांगतलं?" तो एकदम नरमला. त्यानं स्वतःच्या ताटातला ठेचाही बाजूला सारला आणि माझ्यासाठी दूध मागवलं.

पोट जळतं म्हटल्यावर मला ताटावरून उठवायला निघालेला तोच माणूस आता विचारत होता, दुधात साखर घालू का म्हणून.