चारशे बारा शिड्या

आमच्या मामंजींना कुणी शेठ म्हटलं की ते तिथल्या तिथे दुरुस्ती करायचे. "शेठ म्हटलं की पोट पुढे यावं लागतं, आणि पोट पुढे आलं की शिडी चढता येत नाही." मग लोक त्यांना शिडीवाले म्हणू लागले आणि ते त्यांना फार आवडलं. कारखान्याच्या फाटकावर कंपनीचं लांबलचक नाव होतं, पण रिक्षावाल्याला ते सांगितलं तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहायचा. 'शिडीवाल्यांकडे' म्हटलं की थेट दारात.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा कारखान्यात साठ माणसं होती. सुरुवात मात्र एका सुताराच्या दुकानात झालेली. मामंजी तिथे खिडक्यांच्या चौकटी करायचे आणि रंगारी, वायरमन त्यांच्याकडे मोडक्या शिड्या आणून टाकायचे. सासूबाई सांगायच्या, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी घरात बसायला एक खुर्ची नव्हती, पण मोडक्या शिड्या सात होत्या. "जेवताना मी समोर बसलेली आणि हे शिडीकडे टक लावून! मला तर सवतच आल्यासारखं वाटायचं."

त्या टक लावण्यातून त्यांना एक गोष्ट कळली. बहुतेक शिड्या एकाच जागी मोडतात, पायरी बसवायला उभ्या दांड्याला भोक पाडतात तिथे. त्यांनी त्या सांध्याला आतून जाड पट्टी द्यायला सुरुवात केली. शिडी किलोभर जड झाली. रंगाऱ्यांनी कुरकुर करत नेली आणि पुढच्या वेळी कुरकुर करत पुन्हा तीच मागितली. लाकूड जाऊन अ‍ॅल्युमिनियम आलं, दुकानाचा कारखाना झाला, पण ती पट्टी राहिली.

मी ऑफिसात बसायला लागून दहाएक वर्षं झाली असतील. एका मंगळवारी अकराच्या सुमाराला फोन आला. शाळेच्या व्हरांड्यात रंग देताना एक रंगारी आमच्या शिडीवरून पडला होता. पाय दोन ठिकाणी मोडला होता. मामंजी आणि हे तसेच उठून दवाखान्यात गेले. रंगारी पलंगावर पडल्या पडल्या उलट यांचीच समजूत काढायला लागला. "शिडीवाले, चूक माझीच. फरशी ओली होती, सरकली असेल."

मामंजींनी मान हलवली आणि दवाखान्यातून सरळ शाळेत गेले. शिडी स्वतः टेम्पोत घालून आणली, टेबलावर आडवी ठेवली आणि भिंग घेऊन बसले. अर्ध्या तासाने त्यांनी मला आत बोलावलं. "सूनबाई, हे बघ." सातवी पायरी दांड्याला धरून ठेवणाऱ्या रिव्हेटचं डोकं उडालं होतं. ती शिडी केली त्या महिन्यात रिव्हेट नव्या माणसाकडून घेतले होते आणि माल नरम निघाला होता. मी लॉटचं रजिस्टर काढलं. त्या रिव्हेटच्या चारशे बारा शिड्या बाहेर गेल्या होत्या.

हे म्हणाले, "बाबा, एक रिव्हेट गेला. रंगारी स्वतः म्हणतोय त्याची चूक. कुणी तक्रार घेऊन आलं तर बदलून देऊ ना."

"तक्रार घेऊन येणारा स्वतःच्या पायांनी चालत येईल, याची खात्री आहे तुला?"

ह्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढून घेतलं.

दोन दिवसांनी पेपरात जाहिरात आली. मामंजींचा फोटो, शिडीचा फोटो, लॉटचा नंबर आणि खाली दोन ओळी: 'या शिडीवर चढू नका. ती मी केली आहे.' सासूबाईंनी पेपर वाचून घडी घातली आणि एवढंच म्हणाल्या, "फोटो तरी जरा बरा द्यायचा."

जाहिरात बघून निम्म्याअधिक शिड्या आल्या. उरलेल्या शोधायला आम्ही दोघं टेम्पोतून निघालो. मामंजी तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. मी यादी वाचायची, ते जिने चढायचे. एका निवृत्त शिक्षिकेने तर शिडी द्यायलाच नकार दिला. तिने शिडी गच्चीत उभी करून पायऱ्यांवर कुंड्या मांडल्या होत्या. "मी कुठे चढतेय? माझी झाडं चढलीत." मामंजींनी सतरा कुंड्या एकेक करून उतरवल्या, नवी शिडी उभी केली आणि कुंड्या परत लावल्या. बाईंनी दोनदा क्रम चुकला म्हणून पुन्हा लावायला लावल्या. घामाघूम होऊन खाली आल्यावर मला म्हणाले, "हिने मला शाळेत शिकवायला हवं होतं."

तीन महिन्यांत चारशे नऊ परत आल्या. एक पाडलेल्या इमारतीबरोबर गेल्याचं कळलं. एक कुणीतरी सामानासोबत परगावी नेली होती. त्याला पत्र गेलं आणि नवी शिडीही गेली. शेवटची एक मात्र सापडली नाही. ते त्यांना कायम डाचत राहिलं.

रंगाऱ्याचा पाय बरा झाला, पण लंगडं चालणं राहिलं आणि उंचावरचं काम सुटलं. मामंजींनी त्याला कारखान्यात तपासनीस नेमलं. त्याची सही झाल्याशिवाय एकही शिडी फाटकाबाहेर जायची नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने अकरा शिड्या नापास केल्या, त्यातली एक खुद्द मामंजींच्या हातची. मामंजी दिवसभर प्रत्येकाला सांगत फिरले, जसा काही मुलगा पहिला आला होता.

पुढे सात वर्षांनी छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवलं. खोलीतली ट्यूब बदलायला वायरमन आला तर मामंजी पलंगावरून ओरडले, "अहो, शेवटच्या पायरीवर उभे राहू नका!"

"आजोबा, तीस वर्षं हेच करतोय."

"म्हणूनच सांगतोय. नवा माणूस घाबरून खालीच थांबतो."

वायरमन हसला, पण एक पायरी खाली उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई त्यांचे केस विंचरत होत्या. "भांग नीट पाड," म्हणाले आणि डोळे मिटले, ते मिटलेच.

बाजार कुणी न सांगता बंद झाला. रंगारी कामावरून तसेच आले, कपड्यांवर ओल्या रंगाचे ठिपके. आमच्याच शिड्या वापरणारी अग्निशमन दलाची माणसं गणवेशात रांगेने उभी होती. आमचा तपासनीस गाडीत बसायला तयार होईना; सगळी वाट लंगडत चालला.

शोकसभेत दुसऱ्या एका शिडी कारखान्याचे मालक बोलायला उठले. त्यांचं आणि मामंजींचं कधी पटलं नव्हतं, त्यामुळे आम्ही जरा सावरून बसलो. ते म्हणाले, "ती जाहिरात वाचून मी पोट धरून हसलो होतो. म्हातारा स्वतःच्या हाताने धंदा बुडवतोय, असं घरी सांगितलं. दुपारी जेवण काही गोड लागेना. कारखान्यात गेलो, माझेच रिव्हेट तपासायला घेतले. त्यातली दोन पोती मी फेकून दिली, आणि हे आजवर कुणाला बोललो नव्हतो." एवढं बोलून ते खाली बसले.

घरी येताना आम्ही दोघी रिक्षात बसलो. सासूबाई माझा हात धरून म्हणाल्या, "चांगलं बोलला गं. पण हे ह्यांच्या तोंडावर बोलायला हवं होतं. आठवडाभर जमिनीवर पाय ठरला नसता."

आम्ही दोघी रडता रडता हसायला लागलो. रिक्षावाल्याने आरशातून एकदा मागे पाहिलं आणि न विचारताच वेग कमी केला.