बाहेरून लावलेली कडी

आईच्या पायातली चप्पल वाटेतच गळून पडायची आणि तिला पत्ता नसायचा. एक पाय अनवाणी, तशीच ती दूध घेऊन घरी यायची. मी चिडवायचो, "आई, एकाच पायानं देवळात जाऊन आलीस का?" ती हसायची, मीही हसायचो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते, कारण तिचे पाय तेव्हाच बधिर व्हायला लागले होते.

पोटाचं दुखणं तर त्याहून जुनं. दोन घास खाल्ले की छातीत जळजळ, आंबट ढेकर. आम्ही त्याला पित्त म्हणायचो आणि विषय संपवायचो. नागापूरच्या कारखान्यातून सुटलो की मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी घ्यायची, तिच्या हातात ठेवायची, झाली माझी सेवा. डॉक्टरकडे न्यायला सवड नाही म्हणायचो. खरं तर सवड होती, कंटाळा होता.

मग तिचं डोकं भरकटायला लागलं. दूध गॅसवर ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसायची. शेजारच्या काकूंना सांगायची, "पोरगं तीन दिस झालं घरला आलं न्हाई," आणि मी सकाळीच तिला चहा देऊन गेलेलो असायचो. वय झालं, सगळे म्हणाले. मलाही ते सोयीचं होतं. एकदा तर ती हायवेवर सापडली. दोन्हीकडून ट्रक, टेम्पो धडाडत चाललेले आणि ही मधोमध उभी. घरात आम्ही दोघंच. दुसऱ्या दिवसापासून मी सिलिंडर बंद करून, भाकरी झाकून, बाहेरून कडी लावून पहिल्या पाळीला जाऊ लागलो. तिला कुठं काय कळतंय, असं मनाला बजावायचो. हे आठ महिने चाललं.

शेवटी मोरीत पडली म्हणून दवाखान्यात न्यावं लागलं. रक्त तपासलं, पोटात दुर्बीण घातली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जठरात जंतूंचा संसर्ग आहे, बरीच वर्षं असणार. त्यामुळे अन्नातलं बी-ट्वेल्व्ह यांच्या अंगी लागलेलंच नाही. पाय बधिर झाले ते त्यानंच, आणि विसरणंही. नुसतं वय नाही हे."

"लवकर आणलं असतं तर?" मी विचारलं. त्या इंजेक्शनं लिहीत राहिल्या.

जंतूंवरच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं सुरू झाली. पाय फारसे सुधारले नाहीत. डोकं मात्र हळूहळू ताळ्यावर आलं. आधी वार आठवू लागले, मग भाच्यांची नावं, मग कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं तेसुद्धा. मी खूश होतो आणि आतून पार घाबरलेलो. रोज थोडं थोडं परत येत होतं. ते आठ महिनेही परत आले तर? मशीनच्या खडखडाटात मला ती कडी ऐकू यायची. अजूनही येते.

एका रविवारी तिच्या पायांना तेल लावताना राहवलं नाही. "आई, मी बाहेरून दार लावून जायचो, ते आठवतं तुला?"

"न आठवाया काय झालं? समदं आठवतंय."

माझा हात थांबला.

"लई भ्या वाटायचं," ती म्हणाली. "पर कडी लावल्यावर तू उंबऱ्याशी लई येळ थांबायचास. मी म्हनायची, माझ्या पोराचा पाय निघंना. तेवढ्यावर दिस जायचा."

उंबऱ्याशी बसून मी बुटांच्या नाड्या बांधायचो.