पंपापाशीच्या दोन विटा

घरात कोणी वाकलेलं चिंधू कापगतेला खपत नसे. साकोलीकडच्या खेड्यातून तो भिलाईला आला तो विसाव्या वर्षी, आणि तेव्हापासून रोलिंग मिलमध्ये फिटर होता. फिटरचं काम सगळं वाकूनच. कधी रोलरच्या खाली, कधी बेअरिंगमध्ये डोकं घालून, अंगाला उष्णतेच्या झळा आणि नाकात ग्रीसचा वास. सहा फुटांचा माणूस शिफ्ट संपवून सायकलवर बसायचा तेव्हा पाच फुटांचा दिसायचा. म्हणून त्यानं एक नेम केला होता. प्लांटात वाकायचं ते वाकू, पण आपल्या क्वार्टरमध्ये कोणी वाकायचं नाही.

या नेमापायी त्यानं काय काय केलं नसेल! खुरपीला कमरेइतका दांडा, झाडूला खांद्याइतका. शेवग्याच्या शेंगा ओढायला आकडी, पेरूसाठी टोपलीवाली काठी, तेलाच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून केलेली झारी. प्लांटातून त्यानं कधी एक नटसुद्धा बाहेर आणला नाही. सामान सगळं सुपेला बाजारातल्या भंगारवाल्याचं, आणि माप त्याच्या स्वतःच्या हाताचं. त्यानं टेप कधी वापरली नाही. वीत टाकायची, चार बोटं जोडायची, झालं. माप कधी चुकलं नाही असं तो सांगायचा, आणि त्याच्या हाताला ते खरंच चुकत नसे.

व्हायचं तेच झालं. सेक्टरभर नाव झालं, आणि लोक हात धुऊन त्याच्या मागे लागले. सकाळची ए शिफ्ट करून दुपारी दोन वाजता घरी यावं, तर फाटकापाशी कोणी ना कोणी मोडकी खुर्ची नाहीतर गळकी बादली घेऊन उभाच. नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. जेवण झाकून ठेवायचं आणि अंगणात फतकल मारून बसायचं. लोकांना वाटायचं, याला हौस आहे. हौस होती, पण पहिली पाच-सात वर्षं. नंतर उरला तो थकवा, आणि थकलेल्या माणसाला नाही म्हणायचीही ताकद नसते, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्याची बायको सिंधुताई मात्र त्याच्याकडे कधी काही मागत नसे. ठेंगणी, हडकुळी बाई, चिंधूच्या छातीपर्यंत पोचायची. क्वार्टरच्या मागच्या जागेत तिची बाग होती. वांगी, पोपटाच्या शेंगा, चवळी, एका कोपऱ्यात अंबाडी. प्लांटाच्या धुरानं धुणं काळं व्हायचं, पण सिंधुताईच्या वाफ्यात हिरवं असायचं. गावाकडे तिच्या बापाची वाडी होती. त्या वाडीचं जे काही तिच्यापाशी उरलं होतं, ते एवढ्या चार वाफ्यांत होतं.

नळाला पाणी ठरावीक वेळेला यायचं. ते जमिनीत अर्ध्या पुरलेल्या ड्रममध्ये भरून ठेवायचं आणि मग बादलीनं काढून घालायचं. चिंधूला ते बघवेना. चार वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, त्यानं पंधरा दिवस खपून ड्रमवर हातपंप बसवला. लोखंडी पाइप, आत जुन्या रबरी पट्ट्याचा वायसर, वर लांबलचक दांडा. दांडा खाली ओढला की पाणी नळीतून थेट वाफ्यात. शेजारच्या ब्लॉकमधल्या जानरावांना बोलावून त्यानं चालवून दाखवला. कंबर ताठ ठेवूनच चालवायचा, वाकायचं कामच नाही! जानराव टाइम ऑफिसात क्लार्क होते, त्यांनी डोक्यावरची टोपी काढून शाबासकी दिली. सिंधुताई दारात उभी राहून हसली. त्या दिवशी चिंधूला बरं वाटलं, एवढं बरं वर्षभरात वाटलं नव्हतं.

त्यानंतर पंपापाशी दोन विटा दिसू लागल्या. मिलमध्ये चिंधूच्या डोक्यात एकच गोष्ट वर्षानुवर्षं भरवलेली होती, रस्त्यात पडलेली वस्तू म्हणजे अपघात. शनिवारी साहेबांचा राऊंड असायचा, त्याआधी सगळी वाट झाडून मोकळी करायची. त्याला तिकडे हाउसकीपिंग म्हणत. सुट्टीच्या दिवशी तो घरचंही हाउसकीपिंग करायचा. विटा दिसल्या की उचलायच्या आणि भिंतीशी रचायच्या. विटांच्या जागी जमीन दबलेली असायची, तिथे माती टाकून पायानं सारखी करायची. पुढच्या आठवड्यात विटा परत तिथेच. बायकांना पसारा आवरत नाही, असं पुटपुटत तो परत उचलायचा. चार वर्षं उचलल्या. एकदाही विचारलं नाही की विटा येतात कुठून.

यंदा पोळ्याच्या सुमारास सिंधुताईचा उजवा हात वर जाईना. वेणी घालता येईना, फडताळातला डबा काढता येईना. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, खांदा धरला आहे, बरेच दिवस ओढाताण झालेली दिसते. रोज काय काम करता, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, घरचंच. चिंधू मात्र मोठ्या तोऱ्यात मध्येच म्हणाला, की ओझ्याचं काम घरी ठेवलेलंच नाही, पाण्यालासुद्धा पंप करून दिला आहे. सिंधुताई खाली बघत राहिली. हात सुटला नाही तर बाग जाणार हे तिला कळलं होतं.

उलगडा केला तो पलीकडच्या क्वार्टरमधल्या बेबीताईनं. तिलाही तसा पंप हवा होता. चिंधूनं थकल्या आवाजात, बघू म्हटलं, तशी ती म्हणाली, "भाऊ, पण माह्या पंपाले विटा लागू देऊ नका. तुमी डिवटीवर गेले का सिंधुताई रोज विटांवर चढून लटकते. मले तं पडाचं भेव लागते."

बेबीताई गेल्यावर चिंधू मागे गेला. पंपापाशी उकिडवा बसला, मग गुडघ्यांवर उभा राहिला, सिंधुताईएवढा. हात वर केला. दांडा हाताच्या वर चार बोटं होता. त्याची चार बोटं. पायाशी दोन चौकोनी खळगे होते, गेल्या सुट्टीला त्यानंच बुजवलेले. माती अजून भुसभुशीत होती.

त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. परक्यांच्या खुर्च्यांचे पाय मोजून देणारा माणूस, आणि बायको किती उंच आहे हे त्यानं कधी मोजलं नव्हतं.

घरात येऊन त्यानं विचारलं, "कावून सांगतलं नाई मले?"

सिंधुताई डाव्या हातानं तांदूळ निवडत होती. "तुमी डिवटीवरून येऊन, न जेवता बनवला. जानरावले बलावून दाखवला. मंग कोन्या तोंडानं सांगू का मले पुरत नाई?" एक खडा बाजूला टाकून ती म्हणाली, "अन् सांगतलं असतं तं तुमी पुन्हा खोलून बसले असते. लय थकून येत होते तुमी."

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी दोन माणसं उभी होती. चिंधूनं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना परत पाठवलं. मागे जाऊन पंप खोलला. सिंधुताईला बोलावून पंपापाशी उभं केलं, तिला पायातल्या वहाणा काढायला लावल्या, आणि सुतळीनं तिचं माप घेतलं. टाच ते खांदा, खांदा ते मनगट. पाइप कापून खाली घेतला, दांडा तोडून आखूड केला. तीन दुपारी त्यात गेल्या.

मग तिनं हात लावून बघितला. दांडा आता बरोबर तिच्या कपाळापाशी येत होता. हात मात्र छातीच्या वर गेलाच नाही. तिनं दात आवळून दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. चिंधू म्हणाला, होईल, डॉक्टरांनी व्यायाम दिला आहे. दोघांनाही ते फारसं खरं वाटलं नाही.

हात पुढे थोडा सुटला. वेणी घालण्याइतका, पंप ओढण्याइतका नाही. जानराव म्हणाले, अरे, मग आता तूच चालवतोस, तर दांडा पुन्हा वर घे की. चिंधूनं ऐकून घेतलं, पण पंपाला पाना लावला नाही; माप तिचंच राहू दिलं.

तेव्हापासून दोन वाजता तो येतो, जेवतो, आणि मागे जाऊन कमरेतून वाकून पंप ओढतो. दिवसभर वाकलेलीच कंबर पुन्हा वाकते. सिंधुताई त्या दोन विटांवर बसून कोणत्या वाफ्याला पुरे ते सांगते. "वांग्याईले झालं. आता अंबाडीले." तो नळी सरकवतो.

एखाद्या दिवशी पंप ओढताना तो मध्येच थांबतो आणि पाठीवर हात ठेवतो. मग ती विचारते, "कंबर दुखून राहिली का?"

"नाई," तो म्हणतो.

सिंधुताईला ते ‘नाई’ ओळखू येतं. असंच दुखणं तिनं स्वतः चार वर्षं लपवलेलं असतं.