आक्काचा दगडीपाला

ओल्या दगडीपाल्याचा वास तुम्ही कधी घेतला आहे? तळहातावर चुरडलेल्या त्या खरखरीत पानांचा हिरवा, उग्र, किंचित कडवट दरवळ आला, की माझं मन सांगलीच्या प्रयोगशाळेतून उठतं आणि रहिमतपूरजवळच्या आमच्या बांधावर जाऊन बसतं. कुणी न लावलेली, कुणी न जपलेली ती वनस्पती! माझा गुडघा फुटला, की माझ्याहून आठ वर्षांनी थोरली आक्का तिचा रस जखमेवर पिळायची. म्हणायची, "रडू नको गं, आत्ता रगात थांबतंय बघ."

आक्काचं लग्न होऊन ती जतला गेली. मी शिकत राहिले आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागले. काही वर्षांपूर्वी मी त्याच पाल्याचा अर्क काढला. जखमेत पू करणारे जिवाणू काचेच्या बशीत पसरून त्यांत अर्काचा थेंब ठेवला. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती स्वच्छ वर्तुळ उमटलं होतं. तिथं जिवाणू वाढलेच नव्हते! पुढं मोठ्या सूक्ष्मदर्शकातून घेतलेली छायाचित्रं आली, तेव्हा तर मी थक्क झाले. जिवाणूच्या देहाभोवती एक चिवट भिंत असते. तीच त्याचं कवच, तीच त्याचा आकार. पाल्यातल्या द्रव्यांनी ती भिंत जागोजागी विरली होती आणि आतला जीवरस ओघळून ते टपोरे गोल जिवाणू फुटक्या द्राक्षांसारखे मलूल पडले होते. ज्या झाडाला पळता येत नाही, त्यानं आपल्या रक्षणासाठी हे शस्त्र किती मूकपणे घडवलं असेल!

हा आनंद आक्कावाचून कुणाला सांगणार? मी फोन केला. "आक्का, तुझा पाला खरा ठरला! जिवाणूंच्या भिंती पाडतोय."

"मला ठाऊक हायच की," ती हसली. "एवढं शिकून तुला आत्ता कळलं व्हय?"

आम्ही दोघी कितीतरी वेळ हसत राहिलो. एक वाक्य मात्र मी बोललेच नाही : काचेत जे घडतं, ते माणसाच्या देहात घडेलच असं नाही.

आक्काला मधुमेह होता. त्या उन्हाळ्यात टँकरचं पाणी भरताना तिच्या पायाला पत्रा लागला. तीन आठवडे ती त्यावर पालाच बांधत राहिली, दवाखान्यात चल म्हणणाऱ्या भावजींना तिनं सांगितलं, "धाकटीनं तपासलंय त्ये." मला कळलं आणि मी तिला मिरजेच्या इस्पितळात आणलं, तेव्हा जंतू हाडापर्यंत पोचले होते. जीव वाचला, डावं पाऊल गेलं.

त्यानंतर तिनं मला एका शब्दानंही दोष दिला नाही. फोनवर पावसाच्या, मेंढरांच्या गोष्टी, माझ्या तब्येतीची चौकशी, बस. पाटी फुटली तरी माझा कान धरणारी ती आक्का कुठं गेली? तिच्या त्या समंजस गोडव्यात मी दिवसेंदिवस परकी होत गेले. आपल्या माणसानं रागवावं, निदान रागवण्याइतकं तरी आपल्याला आपलं मानावं, या ओढीहून व्याकूळ ओढ दुसरी कोणती असेल!

गेल्या महिन्यात न राहवून जतला गेले. ती ओसरीवर ज्वारी निवडत होती. जयपूर फूट शेजारी काढून ठेवलेला. मी जवळ बसले आणि म्हणाले, "आक्का, हे माझ्यामुळं झालं."

तिचे हात थांबले. "व्हय, तुझ्यामुळंच. एवढी शिकलेली तू, मग अर्धंच का सांगितलंस? लय राग आलाय मला तुझा."

मग ती रडली, मी रडले. ओसरीवरची उन्हं अंगणात उतरली. डोळे पुसून तिनं विचारलं, "आता काय सांगतीस तुझ्या वर्गातल्या पोरींना?"

"पाल्याचा गुण काचेत दिसलाय, देहातलं अजून कळायचंय. जखम झाली की आधी दवाखाना."

"तसंच सांग. आन् माझं नाव घिऊन सांग."

परवा वर्गात ते नाव घेतलं. कमल, माझी थोरली बहीण. तास संपताच मी जतला फोन लावला. पहिल्याच घंटीला तिनं उचलला.