नेकचलनीचा दाखला

लढाईचे दिवस होते. छावणीतल्या रसोड्यांना सरपण पुरवण्याचा ठेका माझ्या हातात येता येता पोलिसांकडच्या चांगल्या वागणुकीच्या दाखल्यापाशी अडकला. गढा मोहल्ल्यात दुसऱ्याची बैलगाडी हाकता हाकता मी स्वतःची वखार उभी केली होती. लाकूड वाळलेलं, भाव सगळ्यांत कमी. तरी छावणीतला बाबू म्हणाला, "कोतवालीतून नेकचलनीचा दाखला आणा. आठवड्यात आला नाही, तर ठेका दुसऱ्याला." हा दुसरा मला ठाऊक होता. ओलं लाकूड वाळक्याच्या भावात खपवायचा आणि ठाणेदाराला रोज सलाम ठोकायचा.

अर्ज घेऊन कोतवालीत गेलो. मुन्शीनं रजिस्टर चाळलं. "आपका तो कहीं नाम ही नहीं."

"तो लिख दो जी! नाम नहीं, माने जुर्म नहीं."

"माने इतना ही, कि पकड़े नहीं गए. मोहल्ले के दो इज्जतदार आदमी लाइए, जो आपकी गवाही दें."

सवयीनं तोंडातून निघून गेलं, "दो काहे को? एक में निपटाओ."

मुन्शीनं चष्म्यावरून पाहिलं. "अब तीन लाइए."

घरी येऊन मी आदळआपट केली. बायको म्हणाली, "काहून ओरडून राहिले? कोतवाली म्हणजे का भाजीबाजार आहे, घासाघीस करायला?"

देवळातले पुजारी आणि शाळेतले मास्तर तयार झाले. तिसरा मिळेना. बाजारात ज्याच्याकडून मी कधी काही घेतलं नाही असा इज्जतदार नव्हता, आणि ज्याच्याकडून घेतलं त्याच्याशी भांडलो नाही, असंही झालं नव्हतं.

शेवटी हवालदारच चौकशीला निघाला आणि मला घेऊन नेमका कमानिया गेटजवळच्या पितळेच्या दुकानात शिरला. मी हवालदाराच्या पाठीआड सरकलो.

"इनको पहचानते हो?"

"इनका नाम मत लो, भैया!" दुकानदार गादीवरून अर्धा उठलाच. "परसों एक लोटे के पीछे मेरा सारा सबेरा खा गए. मेरे बाप तक को नहीं छोड़ा."

"चोरी-वोरी?"

दुकानदार हसायलाच लागला. "चोर कहीं भाव करता है?"

झाली तिसरी गवाही. दाखल्यावर मुन्शीनं लिहिलं, 'आदमी नेकचलन है, मगर झगड़ालू.'

मी उसळलो. "ये आखिरी लफ्ज़ हटाओ!"

"हटा देंगे," मुन्शी शांतपणे म्हणाला. "फिर से तहकीकात होगी. चार आदमी लाइए."

मी दाखला घडी करून खिशात घातला. छावणीत बाबूनं तो साहेबाला वाचून दाखवला. साहेब खो-खो हसला आणि सही करून मोकळा झाला. त्या ओल्या लाकडाच्या व्यापाऱ्याचं तोंड पाहायला मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घरी गेलो.

नुकसान झालं ते वेगळंच. त्या पितळेच्या दुकानात मी भावाबद्दल तोंड उघडलं रे उघडलं, की तो गिऱ्हाइकांना सांगतो, "जगह दो भैया, सरकारी झगड़ालू आए हैं." सगळं दुकान हसतं. मग तो मागेल ते पैसे मी टाकतो आणि घर येईपर्यंत धुमसत राहतो.