घागरीतला समुद्र

ते कुणालाच लगेच उत्तर द्यायचे नाहीत. आधी "थांब गड्या" म्हणायचे, समोरची वस्तू हुंगायचे, मग बोलायचे. तमिळनाडूत, समुद्राकाठच्या तुतिकोरीनला आमच्या शेजारी त्यांचं सोनं गाळायचं दुकान होतं. माणूस विट्याकडचा, माझ्याच मुलखातला.

मी आटपाडीचा, सातवीत शाळा सोडून तिथं एका मालकांकडं घरकामाला लागलेला. मालकांनी घरी काचेच्या टाकीत समुद्राचं पाणी भरलं, त्यात फुलासारखी उमलणारी मऊ, जिवंत पोवळी ठेवली आणि सगळं माझ्यावर सोपवलं. चौथ्या दिवशी पोवळी मिटून आक्रसली. ती मेली तर मला गावाची गाडी धरावी लागणार होती.

मी शेजारच्या त्या सोनं गाळणाऱ्यांना घेऊन आलो. त्यांनी पाणी हुंगलं, बोटानं चाखलं.

"थांब गड्या. पाणी कशातनं आणतोस?"

"आवं, आईनं दिलेल्या तांब्याच्या घागरीतनं. शुद्ध ऱ्हातंय."

"खारं पाणी तांबं खातंय, मर्दा. सोन्यातलं तांबं तेजाबात कसं उतरतंय, ते दुकानात रोज बगतो आमी. माणसाला चालंल, ह्यास्नी इख हाय."

मग रोज सकाळी भट्टी पेटवायच्या आधी ते स्वतःच्या प्लास्टिकच्या दोन बादल्या घेऊन माझ्याबरोबर किनाऱ्यावर यायचे. आठ दिवस आम्ही टाकीतलं पाणी थोडंथोडं बदललं.

नवव्या सकाळी पोवळी सगळी बोटं पसरून डुलत होती. मी नाचलोच.

"थांब गड्या," ते म्हणाले. त्यांनी घागर मागवली, विहिरीचं पाणी भरलं, हुंगलं आणि घटाघटा प्याले.

"लय ग्वाड. आईची घागर आपल्यासाठी हाय रं. घे, पी."