काडीवरची हाक

संग्रहालयाच्या कीटक विभागात त्यांना सगळे तुडतुडेबाई म्हणत. बाईंना आता त्याचा रागही येत नसे. रागवायलाही अंगात त्राण लागतं. महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या, आणि माळावरच्या गवतातला एक करडा तुडतुडा अजून बिननावाचाच होता. दिसायला अगदी भाऊबंदांसारखा, तांदळाच्या दाण्याएवढा. वेगळी असेल तर त्याची हाक. ती आपल्या कानांना ऐकू येत नाही, गवताच्या काडीतून थरथरत जाते. तुडतुड्यांसकट काडी विभागात आणायची, तिला थरथर टिपणारी सुई टेकवायची, हेडफोन लावायचे आणि वाट बघायची.

बाई जिवाचा कान करून बसत. मागच्या हंगामात छान संथ गुणगुण मिळाली, विभागभर कौतुक झालं, आणि ती निघाली शेजारच्या फ्रिजची. यंदा एक नर खरोखर बोलला, पण हातावर तुरी देऊन पसार झाला. ज्यानं हाक दिली तोच नर बाटलीत हवा, नाहीतर नवी जात कोण मानतो? बाईंच्या नाकी नऊ आले होते.

त्या दुपारी मात्र एकजण बोलला. आधी टकटक, मग लांबलचक घरघर; भाऊबंदांपैकी कुणाचीच हाक अशी नव्हती. बाईंनी ती टिपली, त्याला अलगद नळीत ओढलं आणि बाटलीतल्या अल्कोहोलात सोडलं. जन्मभर हेच केलं होतं.

काडीवर मादी उरली होती. तिनं ओळख दिली की काम फत्ते. बाईंनी टिपलेली हाक काडीतून वाजवली. मादीनं लगेच उत्तर दिलं. पुन्हा वाजवली, पुन्हा उत्तर. नवी जात सिद्ध झाली. बाईंनी हेडफोन काढले, बाटलीकडे पाहिलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

घरी दाराचा आवाज झाला की नवरा आतल्या खोलीतून रोज एकच विचारी. किल्लीनं दार उघडून दुसरं कोण येणार, म्हणून बाईंनी कित्येक वर्षांपूर्वीच उत्तर द्यायचं सोडलं होतं. तो बापडा विचारायचं सोडत नव्हता. त्या संध्याकाळीही त्यानं विचारलं.

"आलीस का?"

चपला काढता काढता बाई थांबल्या.

"आले हो," त्या म्हणाल्या.

चष्मा कपाळावर तसाच ठेवून तो लगबगीनं बाहेर आला.

"काय गं, बरं नाही का वाटत?"